सिस्टरांची काळी जमीन

"पेशंटला जुलाब लागलेत," गायकवाड सिस्टर म्हणाल्या. "दिलेलं पाच मिनिटंसुद्धा पोटात राहत नाही. या, बघा."

मी घाबरतच त्यांच्या मागे गेलो. बाई एकट्या राहतात एवढंच मला माहीत होतं, त्यामुळे पेशंट कोण असेल याचा अंदाज लागेना. सिस्टर मला दोन खोल्यांमधून थेट मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथे भरलेली बादली होती. ती त्यांनी उचलली आणि जमिनीवर ओतली. पाणी सुर्रकन आत गेलं. मी चष्मा सारखा करेपर्यंत तिथे फक्त ओलसर डाग उरला होता.

"बघितलंत? आधी हे थांबवायचं. मग खायला घालायचं. आधीच खायला घातलं तर सगळं खाली वाहून जाणार."

नव्वदच्या दशकातली, सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. आमची कॉलनी सांगलीच्या बाहेर, नदीच्या अंगाला. तिच्या अगदी शेवटच्या प्लॉटवर पूर्वी वाळूचे ट्रक रिकामे व्हायचे. वर्षानुवर्षं वाळू यायची, जायची, आणि जाताना थोडी तिथेच राहायची. त्यामुळे तो प्लॉट कोणी घेत नव्हतं. साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात तीसेक वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या गायकवाड सिस्टरांनी तो घेतला, पुढे दोन खोल्या बांधल्या आणि मागे दीड-दोन गुंठे मोकळी जागा ठेवली. "इथे मी माती करणार," असं त्यांनी जाहीर केलं.

"सिस्टर, हितं फकस्त उंट पाळा," कॉलनीचे अध्यक्ष सुभेदार मोहिते म्हणाले होते. ते सिस्टरांचे शेजारी. सैन्यातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे ऊसवाले. दोघांमध्ये एकच भिंत.

मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि कॉलनीचा सेक्रेटरीही. सेक्रेटरी निवडायच्या सभेला मी गैरहजर होतो, म्हणून निवडला गेलो. सिस्टर मला नावाने कधी हाक मारत नसत. त्यांच्या दृष्टीने माणसं हुद्द्यांनी ओळखायची असतात.

घर बांधून झाल्यावर त्यांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. त्यामुळे त्यांनी नियम केला की या पेशंटला विकतचं औषध द्यायचं नाही. ज्याला गावात कोणी विचारत नाही ते सगळं चालेल. भडंग करणाऱ्याकडून शेंगांची टरफलं यायची. चहाच्या टपरीवरचा चोथा यायचा. हळदीचा वाळलेला पाला यायचा. आणि कॉलनीतल्या प्रत्येक घरापुढे सकाळी सहा वाजता त्या स्वतः बादली घेऊन उभ्या राहायच्या, भाजीचे देठ आणि साली मागायला. पांढरी साडी, पायात कापडी बूट, चालणं वॉर्डातल्यासारखं.

त्यांच्या कडकपणाचा पहिला फटका माझ्या बायकोला बसला. एक दिवस त्यांनी आमची बादली परत आणली. "यात रबर सापडला. पेशंटच्या पोटात रबर गेला तर जबाबदार कोण?" बायको त्यानंतर कचरा असा निवडायची की तिने तांदूळही तसे कधी निवडले नाहीत.

खिडकीत सलाइनच्या काचेच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असायच्या. प्रत्येक महिन्याची मूठभर माती एकेका बाटलीत घालून, वर पाणी भरून त्या हलवायच्या आणि घड्याळ लावून बसायच्या. पहिल्या बाटलीतली वाळू मिनिटभरात तळाला बसली आणि वरचं पाणी पिण्यासारखं स्वच्छ झालं, म्हणजे त्यात मातीचा अंशही नव्हता. सिस्टरांनी ते बघून तोंड फिरवलं. एखाद्याचा रिपोर्ट वाईट आल्यावर फिरवतात तसं.

मे महिन्यात त्यांनी मला ऑफिसच्या वाटेवर गाठलं. "तुमच्या खात्याचा गाळ कुठे निघतोय?"

जवळच्या एका गावचा तलाव आटला होता आणि लोक फुकट गाळ नेत होते. मी नुसतं सांगितलं. तिसऱ्या दिवशी कॉलनीत ट्रॅक्टरची ट्रॉली शिरली. वर काळ्या गाळाचा ढीग, ढिगावर पोतं, पोत्यावर छत्री उघडून सिस्टर. ड्रायव्हर त्यांना इतका घाबरला होता की त्याने ट्रॉली सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या कोनात रिकामी केली. पुढचे पंधरा दिवस त्या एकट्या कुदळीने तो गाळ वाळूत कालवत होत्या. "वाळूला स्वतःचं काही धरून ठेवता येत नाही. तिला चिकटपणा उसना द्यावा लागतो," त्या म्हणायच्या.

जूनमध्ये त्यांनी ताग पेरला. दीड महिन्यात तो कमरेएवढा झाला, पिवळ्या कळ्या दिसायला लागल्या आणि कॉलनीतल्या बायका संध्याकाळी बघायला येऊ लागल्या. एका सकाळी सिस्टरांनी तो सगळा कापला आणि मातीत गाडून टाकला.

"अहो, फुलं तरी येऊ द्यायची," माझी बायको म्हणाली.

"फुलं बघायला वेळ नाही. कोवळा आहे तोवर पोटात गेला पाहिजे."

वेळ नाही हे वाक्य त्यांच्या तोंडी सारखं यायला लागलं. निवृत्त माणसाला कसली घाई, हे आम्हाला कळेना. सप्टेंबरच्या बाटलीतलं पाणी बराच वेळ गढूळ राहिलं, तरी त्या खूश नव्हत्या. ऑक्टोबरमध्ये मी सहज म्हणालो, "सिस्टर, जमीन म्हणजे काय महिन्यात होते होय. पाच-सहा वर्षं जातील." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी दोन दिवस दुसऱ्या रस्त्याने ऑफिसला गेलो.

मग त्यांनी ढीग घातला. सगळ्या घरांची सालं, पाला, टरफलं आणि गवळ्याकडचं शेण, थरावर थर, पुरुषभर उंच. जागा सावलीची हवी म्हणून तो नेमका सुभेदारांच्या भिंतीला टेकवला.

आठ दिवसांत सुभेदार माझ्या दारात. "सेक्रेटरी, ह्यो ढीग माज्या भिताडाला टेकलाय. वास येतोय. उद्या त्यात नाग निघाला तर? नोटीस काढा."

मी नोटीस काढली आणि खिशात ठेवली. ती सिस्टरांना द्यायचं धैर्य मला तीन आठवडे झालं नाही. रोज सकाळी त्या बादली घेऊन यायच्या, मी खिशावर हात ठेवायचो आणि बटाट्याच्या साली द्यायचो. शेवटी सुभेदारांनी सभाच बोलावली. ठराव झाला. रविवारी दहा वाजता ट्रॅक्टर येईल आणि ढीग उचलून नेईल.

"संक्रांतीपर्यंत मुदत द्या," सिस्टर उभ्या राहून म्हणाल्या.

"कारण काय?"

"कारण आहे."

"काय हाय ते सांगा की."

सिस्टरांनी ओठ घट्ट मिटले आणि खाली बसल्या. ठराव कायम राहिला.

तो डिसेंबरचा रविवार मला आजही आठवतो. कडाक्याची थंडी पडली होती. सात वाजता सुभेदारांच्या घरून आरडाओरडा ऐकू आला, म्हणून मी धावलो. ढिगातून पांढरे लोट निघत होते. कॉलनीतली पाच-सहा माणसं बादल्या घेऊन आली होती आणि सिस्टर दोन्ही हात पसरून ढिगापुढे उभ्या होत्या.

"पाणी टाकायचं नाही. ही आग नाही, ताप आहे."

"धूर दिसतोय, सिस्टर," कोणीतरी म्हणालं.

"वाफ आहे. आत उष्णता तयार होते, तेव्हाच ते कुजतं. आत्ता गार पाणी ओतलंत तर महिन्याभराची मेहनत जाईल."

"बाजूला व्हा," सुभेदार म्हणाले. त्यांच्या हातात भरलेली बादली होती. "माजं घर हाय पलीकडं."

"नाही होणार."

दोघं एकमेकांसमोर हातभर अंतरावर उभे होते. सुभेदारांचा चेहरा लाल झाला होता. आणि मग ते बोलून गेले, "तुमाला असल्या घाणीची सवय आसंल, पिढ्यान् पिढ्यांची. आमाला न्हाई."

कोणी कोणाकडे पाहिना. सिस्टरांच्या पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती, आणि कॉलनीत आल्यापासून हा विषय कोणी काढला नव्हता. काढला नव्हता म्हणजे मनात नव्हता असं नाही, हे त्या क्षणी कळलं. मी सेक्रेटरी होतो. काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

सिस्टरांचा आवाज चढला नाही. "सवय आहे, सुभेदार. पिढ्यान् पिढ्या आम्ही घाण काढली आणि ती तुमच्या शेतात गेली. ही पहिल्यांदाच आमच्या जमिनीत जाणार आहे. हात द्या इकडे."

सुभेदार हलले नाहीत. सिस्टरांनी नाडी बघायला धरतात तसं त्यांचं मनगट धरलं, ढिगाला एका बाजूने भोक पाडलं आणि त्यांचा हात कोपरापर्यंत आत घातला. बादली खाली ठेवावी लागली. सुभेदारांनी पटकन हात मागे घेतला. मग, कोणी न सांगता, पुन्हा आत घातला.

"गरम हाय," ते हळू म्हणाले. जरा वेळाने हात काढून त्यांनी वास घेतला. "आग न्हाई."

ते घरी गेले. दहा वाजता ट्रॅक्टर आला तेव्हा ते रस्त्याच्या तोंडाशी उभे होते. ड्रायव्हरशी काहीतरी बोलले आणि ट्रॅक्टर रिकामा वळून गेला. त्यांनी माफी मागितली नाही, पुढे महिनाभर सिस्टरांशी एक शब्द बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या दारातही सालींची बादली दिसायला लागली.

दुपारी मी सिस्टरांकडे गेलो. मला माफी मागायची होती, पण त्यांनी ती मागू दिली नाही. स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि एक पोस्टकार्ड पुढे केलं. पाटणजवळच्या गावाहून त्यांच्या भावाने पाठवलेलं. आईला आता जवळजवळ दिसत नाही. सारखी म्हणते, सुमीची जमीन एकदा हाताला लागू दे. संक्रांत झाली की आणून सोडतो, चार दिवस ठेवून घे.

"आई जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबली," सिस्टर म्हणाल्या. "आमच्याकडे डोंगराची तांबडी माती. ती पण आमची नव्हती. हंगामाला आई या भागात यायची. हळद काढायला, शेंगा उपटायला. घरी आली की काळ्या रानाचं कौतुक सांगायची. लोण्यासारखी माती, काठी रोवली तरी फुटंल म्हणायची. मी प्लॉट घेतला तेव्हा तिने भावाकडून लिहून विचारलं, माती कसली आहे." त्या थांबल्या. "मी लिहिलं, काळी आहे."

"सिस्टर."

"तीस वर्षांत पेशंटला खोटं सांगितलं नाही. मरणाऱ्यालासुद्धा नाही. आणि आईला लिहून बसले. डोळे गेलेत, पण मातीत तिचा हात कोणी फसवू शकत नाही."

आता ती घाई मला कळली, आणि गंमत म्हणजे ती मलाच लागली. मी ऑफिसला जाता-येता त्यांच्या मागच्या अंगणात डोकावायला लागलो. ढीग निवला, तपकिरी झाला, सिस्टरांनी तो पसरून मातीत मिसळला, वरून उसाच्या पाचटाचं पांघरूण घातलं. पूर्वेकडच्या कोपऱ्यात पाणी थोडं थांबायला लागलं होतं. पश्चिमेकडे अजून सरळ खाली जायचं. त्या पूर्वेच्या कोपऱ्यातच आईला बसवायचं, असं आम्ही दोघांनी दबक्या आवाजात ठरवलं, जणू कटच करत होतो.

पण रोज हातात माती घेतली की बोटांना वाळू लागायचीच. माझ्या सासुरवाडीचं काळं रान होतं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी तिथून दोन पोती माती आणली आणि सिस्टरांच्या कुंपणाशी ठेवली.

"त्या कोपऱ्यात वरून पसरा," मी म्हणालो. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. नंतर कोणाला काय."

सिस्टर पोत्यांकडे बघत राहिल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

संक्रांतीनंतर तीन दिवसांनी भाऊ आईला घेऊन एसटीने आला. मी रिक्षा घेऊन स्टँडवर गेलो होतो. म्हातारी इतकी हलकी होती की रिक्षात चढताना भावाने तिला उचलून ठेवली. वाटेत तिने एकदाच विचारलं, "नदीच्या अंगाला चाललोय व्हय? गार लागतंय."

घरी पोचल्यावर तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. "आदी रान दाव, सुमे."

सिस्टरांनी तिला धरून मागच्या अंगणात नेलं. मी मागे होतो. कुंपणाशी पोती तशीच होती, तोंडं शिवलेली. सिस्टरांनी पूर्वेच्या कोपऱ्यातलं पाचट बाजूला केलं आणि आईला खाली बसवलं. भिंतीपलीकडे सुभेदार उभे होते. दात घासत असल्यासारखं दाखवत होते, पण तोंडात ब्रश नव्हता.

म्हातारीने दोन्ही तळहात जमिनीवर ठेवले. मग बोटं आत घातली, मूठभर माती काढली, अंगठ्याने चोळली, नाकाशी नेली. परत चोळली. तिने डोकं वर केलं नाही.

"ही वाळू हुती न्हवं?"

सिस्टरांनी पांढऱ्या साडीचा पदर मुठीत धरला होता.

"व्हय आये," शेवटी त्या म्हणाल्या. मी त्यांना त्या भाषेत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "वाळूच हुती. मी तुला खोटं लिवलं."

म्हातारीने मातीतला हात काढला आणि चाचपडत लेकीचा हात शोधला. तळवा उलटा करून बोटांनी तपासला. कुदळीचे घट्टे एकेक करून मोजावेत तसे.

"लय खायला घातलंस हिला. शेण हाय, पाला हाय. गाळ कुटनं आणलास?"

"तलावाचा."

"चांगला हाय." तिने हात सोडला नाही. "काळ्या रानाचं खूळ तुज्या डोसक्यात मीच घातलं. दुसऱ्याचं हुतं म्हणून चांगलं दिसायचं. सुमे, त्या काळ्या रानात शेंगा उपटताना माजी नखं निगाली हुती. वाळलं की दगाड. डहाळा हातात यायचा आन् शेंगा खालीच. मग बसायचं उकरत, रगत यीस्तवर." तिने पुन्हा मूठ भरली आणि बोटांतून माती सोडली. ती सुटी, मऊ पडली. "हितं नुसतं वडलं तरी झुपका वर यील. भुईमुगाला ह्याच्यापरीस काय पायजे?"

पलीकडून सुभेदारांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "बियानं हाय माज्याकडं घरचं," ते भिंतीवरून म्हणाले. "उन्हाळी पेराया हीच येळ हाय. सिस्टर, आणून देतो."

सिस्टरांनी मान हलवली. त्यांच्याकडे बघितलं नाही, पण हलवली.

"पेरून टाकू उद्या," म्हातारी म्हणाली. "मी दाणं टोकते. दिसाय कशाला लागतंय त्याला."

"आये, तू चार दिवसांसाठी आलीयास," भाऊ म्हणाला. "चवथ्या दिशी मी न्यायला येतोय."

"पेरल्यावर टाकून जायचं व्हय? तू जा. शेंगा निगंस्तवर मी हाय हितं."

"किती दिवस लागतात?" सिस्टरांनी विचारलं. आवाज ड्यूटीवरचा होता, पण नीट लागला नाही.

"चार म्हैनं. वाळूत एखादा आठवडा आदी."

"चार महिने," सिस्टर म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत, म्हणून मी बघायला गेलो. त्या मोरीत पाठमोऱ्या बसल्या होत्या. पुढ्यात स्टीलचं एक नवं ताट होतं. एवढ्या दिवसांत मी त्यांच्याकडे ताट एकच पाहिलं होतं. दुकानातून आणताना मधोमध चिकटलेला कागद अजून निघाला नव्हता. सिस्टर तो नखाने खरवडत होत्या, पाणी सोडत होत्या, पुन्हा खरवडत होत्या. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

"सेक्रेटरी, हे निघत नाही हो," त्या म्हणाल्या. "जरा गरम पाणी द्या."